पाचमोहाच्या तीन काड्या

"जंगलात धरत नसन तं त्या मोबाइलले काय चुलीत घालू?"

कांताबाई ओरडत होती. अंगणवाडीच्या ओट्यावर बचत गटाच्या अकरा बाया बसलेल्या, आणि आवाज एकटीचा. पण तो आवाज असा, की समोरच्या कडुनिंबावरचे शंभर बगळे उडाले ते थेट नवेगावच्या तलावावर जाऊन बसले. खोटं वाटतं? बरं, दोन कावळे उडाले. एवढं तरी माना.

तिच्या हातात दोन पाकिटं होती. एकावर मोराचं चित्र, एकावर पतंगाचं. मोरवाल्या कंपनीचं सिमकार्ड आणि पतंगवाल्या कंपनीचं सिमकार्ड. कोणतं घ्यायचं यावरून दुपारपासून भांडण चाललेलं, आणि भांडता भांडता अकराही बायांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

इथवरची गोष्ट आमच्या गावात तुम्हाला कोणीही सांगेल. इथून पुढची मी कोणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. दारू पिऊनही नाही — आणि दारू पिऊन मी काय काय सांगितलेलं आहे, ते कोहमाऱ्याच्या कोणत्याही ढाब्यावर विचारून घ्या. आज तुम्हाला का सांगतो आहे? माहीत नाही. तुम्ही माझ्या गावचे नाही, म्हणून असेल.

मी नामदेव. कोहमाऱ्याच्या चौकातून आत आमच्या गावापर्यंत काळी-पिवळी जीप चालवायचो. नऊ माणसांच्या जीपमध्ये मी एकदा एकतीस माणसं, चार बकऱ्या आणि नवरदेव आणला आहे. (बकऱ्या दोनच होत्या.) गावात मोबाइल पहिल्यांदा आला तो माझ्या खिशात, जीपच्या मालकानं दिलेला. त्यामुळे मोबाइलमधलं सगळं मला कळतं असा गावाचा समज झाला, आणि मी तो समज कधी मोडला नाही. समज मोडायचा स्वभावच नाही माझा. पडद्याच्या कोपऱ्यात त्या उभ्या रेघा दिसतात ना, त्यांना आम्ही काड्या म्हणायचो. काड्या असल्या तर फोन लागतो, नसल्या तर हातातला मोबाइल आणि विटेचा तुकडा सारखाच. गावात मोरवालं थोडं धरायचं, पतंगवालं थोडं धरायचं, आणि दोन्हीकडची माणसं आपलंच कार्ड कसं भारी ते लग्नातल्या वऱ्हाडासारखी सांगायची.

पण बायांना गावात बोलायला मोबाइल नको होता. त्यांना तो मोहफुलांसाठी हवा होता.

चैतात मोह गळतो. पहाटे पहाटे फुलं टपटप पडतात, आणि ऊन चढायच्या आत ती वेचावी लागतात. जंगलातले मोह कोणाच्या नावावर नसतात, पण कोणता मोह कोणत्या घरचा, हे आजा-पणजापासून ठरलेलं असतं. दुसऱ्याच्या मोहाखाली कोणी टोपली टेकवत नाही. फक्त अस्वल टेकवतं. त्यालाही मोहफूल आवडतं, आणि त्याला आजा-पणजाचं काही सांगता येत नाही. म्हणून आमच्या बायांचा एक नियम होता — एकटीनं जायचं नाही. तिघी मिळून एका मोहाखाली. दर थोड्या वेळानं हाक द्यायची, आणि दूरच्या तिघींनी ओ द्यायची. ओ आली नाही, की सगळ्यांनी डबे वाजवत तिकडं धावायचं.

नियम चांगला, पण तिघी एकीच्या झाडाखाली वाकल्या, की बाकी दोघींची फुलं गुरं खाऊन जायची. आणि सगळ्यांत दूरचे मोह होते शेवंता वहिनीचे. पहाडीच्या पायथ्याशी पाच झाडं, जागेचं नावच पाचमोह. शेवंता वहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको. भाऊ वारला, मागं दोन मुली, आणि वर्षाचं तेल-मीठ-कापड त्या पाच मोहांवर. तिच्यासोबत रोज दोन बायांना तिथवर जावं लागायचं. त्या जायच्या, पण कुरकुरायच्या. आणि वहिनीला ती कुरकुर ऐकू यायची.

मग कांताबाईनं डोकं चालवलं. गटाचा एक मोबाइल घ्यायचा, तो पाचमोहाला जाणारीकडे द्यायचा. काही झालं तर तिनं बटण दाबायचं. सोबतीच्या दोघी मोकळ्या, वहिनीच्या मनावरचं ओझंही उतरलं. तेव्हा प्रश्न एवढाच होता, की पाचमोहाला कोणतं कार्ड धरतं? दोन्ही कार्डं घेऊन कोणीतरी तिथं जाऊन काड्या पाहून यायच्या होत्या. अर्ध्या दिवसाचं काम.

आणि गावात असं काम सांगायचं कोणाला? अस्वलाच्या थोबाडीत मारलेल्या माणसाला.

ती गोष्ट तुम्हाला सांगायलाच पाहिजे. मी नाल्यात जीप धूत होतो. मागून अस्वल आलं आणि माझ्या डब्याला हात घातला. मी म्हटलं, काऊन गा? ऐकेना. मग दिली एक थोबाडीत. अस्वल रडत गेलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याची माय माझ्या बायकोकडं तक्रार घेऊन आली. ही गोष्ट मी कमीत कमी पाचशे वेळा सांगितली असेल. लोक हसायचे. पण हसता हसता एक गोष्ट त्यांच्या मनात बसली होती — बाकी सोडा, पण नाम्या अस्वलाला भीत नाही.

खरं काय होतं? खरं असं, की नाल्याच्या पलीकडे, वीसेक पावलांवर, एक अस्वल दोन पायांवर उभं राहिलं. हवेत नाक फिरवलं. आणि निघून गेलं. त्यानं मला काहीच केलं नाही. माझी पँट ओली झाली होती, आणि ती नाल्याच्या पाण्यानं नव्हती. त्या दिवसानंतर मी नाल्यापलीकडे पाऊल टाकलेलं नव्हतं. जळणाला लाकडं विकत आणायचो. बायको म्हणायची, जंगलाच्या पोटात राहून लाकडं विकत? मी म्हणायचो, ड्रायव्हर माणसाला शोभत नाही ते. अशी सात-आठ वर्षं.

ओट्यावर अकरा बाया माझ्याकडं पाहत होत्या तेव्हा मी म्हणू शकलो असतो — मला भीती वाटते, माझ्यासोबत दोघं-चौघं द्या. काय झालं असतं? हसले असते. महिनाभर हसले असते. जन्मभर दुसऱ्यांना हसवणाऱ्या माणसाला एक महिना हसणं सोसवलं नसतं?

मी म्हणालो, उद्याच जातो.

सकाळी निघालो. दोन मोबाइल, दोन कार्डं. कांताबाईनं मुर्रा-फुटाणे बांधून दिले. शेवंता वहिनी वेशीपर्यंत आली, वाट सांगितली, आणि म्हणाली, झाडाखालूनच पाहा जी, वरच्या खडकाकडे जाऊ नका, तिकडे त्याचा वावर आहे. आमच्याकडे अस्वलाचं नाव जंगलात निघताना घेत नाहीत, 'तो' म्हणतात. मी छाती काढून हसलो. म्हणालो, त्याला सांगा, नामदेव येऊन राहिला म्हणून.

नाल्याच्या अलीकडे एक बोडी आहे. शेताच्या पाण्याची लहानशी तळी. तिच्या पाळीवर मी बसलो. मुर्रा खाल्ला. पाण्यात एक ढोकरी एका पायावर उभी होती, तिच्याकडे पाहत बसलो. मोबाइल बाहेर काढला. मोरवाल्याच्या तीन काड्या, पतंगवाल्याची एक. कोहमाऱ्याचा टॉवर बोडीवरून सरळ आहे, धरणारच. मी दीड तास बसलो — बोडीपासून पाचमोहाला जायला-यायला लागेल तेवढ्या हिशोबानं. निघताना बोरीच्या काट्यानं आपल्याच नडगीवर दोन ओरखडे काढले. हे सांगताना आजही नडगीला काहीतरी होतं. एवढी मेहनत मी खोट्यासाठी घेतली. त्याच्या निम्म्या मेहनतीत मी खरंच जाऊन आलो असतो.

गावात येऊन सांगितलं, पाचमोहाला मोर तीन काड्या. पतंग एक, तीही जावयासारखी, आली तर आली. बाया हसल्या. ओरखडे पाहून कांताबाईनं हळद आणली.

तुम्हाला वाटेल, मला काळजी नव्हती का? होती ना. पण मी स्वतःला पटवलं. बोडीवर तीन आहेत, तर पाचमोहाला दोन असतील. दोन नसल्या तर एक असेल. एकीनंही फोन लागतो. मी गोष्टी इतक्या वर्षं फुगवत आलो होतो, की तीन काड्या मनातल्या मनात पहाडीपर्यंत नेऊन पोचवायला मला काही जड गेलं नाही.

मोराचं कार्ड घेतलं. वहिनीला वाचता येत नव्हतं. मीच शिकवलं — हिरवं बटण दोनदा दाबायचं, सरळ माझा मोबाइल वाजेल. जीप माझ्याकडे, म्हणून नंबर माझा. तिनं माझ्यासमोर तीस वेळा दाबून पाहिलं. माझा मोबाइल तीस वेळा वाजला. इथं मी एकही वाढवून सांगत नाही.

पहिल्या दिवशी ती एकटी गेली आणि भरली टोपली घेऊन सुखरूप आली. तिची फुलं, सोबतीच्या दोघींची फुलं, सगळ्यांचीच त्या दिवशी दुप्पट झाली होती. दुपारी ती जीपजवळ आली. मी सवाऱ्या भरत होतो. बाजूला उभी राहून हळूच म्हणाली, भाऊजी, काड्या नाही दिसल्या जी.

आता ऐका. हीच ती जागा आहे. बोडीवर मी भ्यालो होतो. ते समजू शकता, भीती कोणालाही वाटते. पण इथं दुपारचं ऊन होतं, माझ्या गावचा रस्ता होता, समोर अस्वल नव्हतं. समोर माझी वहिनी होती आणि तिनं मला सगळं परत घ्यायची संधी आणून दिली होती — इतक्या हळू आवाजात, की दुसऱ्या कोणाला ऐकूही गेलं नसतं. मला फक्त म्हणायचं होतं, वहिनी, उद्या एकटी जाऊ नका.

मी म्हणालो, "झाडाखाली कायले पायता, वयनी? खडकावर चढा. मी तिथंच उभा होतो."

तिनं पदर सारखा केला. मग हसली. "तुमी चढले, मंग मले काय भेव."

अस्वल खडकात राहतं, हे आमच्याकडे अंगावर पिणाऱ्या लेकरालाही ठाऊक. मला ठाऊक नव्हतं? तिनंच मला वेशीवर सांगितलं होतं ना? मग माझ्या तोंडून खडक का निघाला? तो सवयीनं निघाला. खोटं सांगताना मी नेहमीच एखादी उंच जागा शोधायचो, तिथं उभा राहिलो की मी मोठा दिसायचो. त्या दिवशी मी तिथं तिला उभं केलं.

दुसऱ्या दिवशी ती खडकावर चढली. एका हातात मोबाइल, वर धरलेला.

बाकीच्या बाया आपापल्या मोहाखाली होत्या. मोबाइल आल्यावर हाक द्यायची कोणाला गरज उरली नव्हती. पण कांताबाईच्या घशाची जुनी सवय, तिनं पाचमोहाच्या दिशेनं दिली एक. ओ आली नाही. दुसरी दिली. मग बाया डबे वाजवत धावल्या. त्यांच्या डब्यांनीच वहिनीचा जीव वाचला. माझा मोबाइल तोवर एकदाही वाजला नव्हता.

बाजेवर घालून तिला रस्त्यावर आणलं. उजवा कान नव्हता. डोक्याची कातडी — राहू द्या. उजवा हात नुसता लुगड्यात गुंडाळलेला. मी जीप काढली आणि गोंदियाच्या दवाखान्यात नेली. चांगली नेली, नाही म्हणत नाही. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं. आणि झालं. गावानं मला डोक्यावर घेतलं. पुढं कित्येक वर्षं मी ती जीप ढाब्याढाब्यावर पळवली — फाटकावर रेल्वे थांबवली, ट्रकवाल्यांनी वाट दिली, एका चाकावर वळण घेतलं. लोक चहा पाजायचे. मी प्यायचो. तिच्या रक्तानं भिजलेल्या सीटची गोष्ट सांगून मी चहा प्यायचो.

पण ते नंतरचं. त्याच संध्याकाळी आणखी एक गोष्ट झाली, आणि हिच्याभोवती मी इतका वेळ फिरतो आहे.

कांताबाईला खडकाच्या खाली मोबाइल सापडला होता. तिनं तो मला आणून दिला. म्हणाली, पाहून सांग गा, लावला होता का तिनं? चारचौघं उभे होते. मी बटणं दाबली. लावलेल्या नंबरांची यादी उघडली. माझा नंबर. एकाखाली एक. त्याच सकाळी चार वेळा. शेवटच्या दोहोंत मिनिटाचंही अंतर नव्हतं.

मी यादी पुसली. अंगठ्यानं, सगळ्यांच्या समोर. यादी असते हे त्यांना ठाऊक नव्हतं. आणि म्हणालो, बटण दाबलंच नाही तिनं. घाबरली असेल.

गाव हळहळलं. अडाणी बाई, हातात मोबाइल असून वापरता आला नाही. ही गोष्ट माझ्या अस्वलाच्या गोष्टीपेक्षाही पक्की बसली. ती मी एकदाच सांगितली होती.

पंधरा दिवसांनी दवाखान्यात भेटायला गेलो. दोन्ही मुली खाली जमिनीवर बसल्या होत्या. तिच्यापर्यंत ती गोष्ट पोचलेली होती. तोंडाचा अर्धा भाग पट्टीत, त्यामुळे तिचं बोलणं नीट निघत नव्हतं. मला जवळ बोलावून म्हणाली, "बटन दाबली होती जी मी, भाऊजी. चुकीच्या खडकावर चढली असीन."

मी काय म्हणालो, विचारा. मी म्हणालो, होऊ शकते, वयनी.

तिची तीन बोटं वळत नाहीत. मोहफूल वेचायला बोटंच लागतात. ती डाव्या हातानं वेचायला शिकली, पण उन्हाच्या आत पाच झाडं होत नाहीत, तीन होतात. मोठीची शाळा त्याच वर्षी सुटली. मी मुलींना जीपमधून फुकट नेत-आणत होतो, आणि लोक म्हणायचे, दीर असावा तर असा. हे मी माझ्या बाजूनं सांगत नाही. तेही मी घेतलं, एवढंच सांगतो. आज गावाच्या डोक्यावर दोन टॉवर आहेत, पोरं मोहाखाली बसून सिनेमे पाहतात, आणि माझ्या मोबाइलवर अनोळखी नंबर दिसला की मी तो उचलत नाही. आधी चार वेळा वाजतो का ते पाहतो.

पुढच्या फाल्गुनात बाया पुन्हा ओट्यावर जमल्या. मोह गळायला महिनाभर होता. तिसऱ्या कोणत्या तरी कंपनीचं कार्ड आलं होतं आणि पुन्हा तोच विषय निघाला होता, जंगलात कोणतं धरतं. वहिनी खांबाला टेकून डाव्या हातानं चिंचा फोडत होती, पदर उजव्या बाजूनं ओढून घेतलेला. मी जीप थांबवून उतरलो. वर्षभर मनात घोळत होतं ते एकदम तोंडाशी आलं.

"यंदा मी खरंच जाऊन पाहून येतो."

'खरंच' हा शब्द माझ्या तोंडून निघून गेला, आणि निघाल्यावर मला ऐकू आला. अकरा बाया. कोणी हसलं नाही. कोणी एकमेकीकडे पाहिलंसुद्धा नाही. कांताबाईनं पाकीट उलटं करून मांडीवर ठेवलं.

वहिनीनं हातातली चिंच फोडली, चिंचोका काढून वेगळा टाकला.

"राहू द्या, भाऊजी. आमी सगळ्या जनी जाऊन आलो. तिथं कोनतंच धरत नाई."